राखीव यादीतला पहिला

भिलाई, ता. ९ मार्च १९५८

प्रिय एस्तेरताई,

प्रभूच्या नावात सलाम. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सकाळी सातला कामावर चढलो की संध्याकाळी अंगावरची लाल धूळ धुण्यातच तास जातो. पोलाद कारखान्याच्या भट्टीचा सांगाडा दिवसागणिक वर चाललाय. खाली उभं राहून टोपी धरून बघावं लागतं.

मी मरोद्याच्या बाजूला टिनाच्या शेडीत राहतो. खोलीत आम्ही दोघं, मी आणि लहानू. तो तुमसरकडचा, माझ्याच गँगमध्ये फिटर. दीड वर्षापूर्वी तो आणि त्याची आई नागपूरला जाऊन बौद्ध झाले. सकाळी तो वंदना म्हणतो, मी प्रार्थना करतो, मग दोघं मिळून चूल पेटवतो. भात तो करतो, वरण मी. माणूस मोकळा आहे. उंचावर लोखंडी बीमवरून असा चालतो, जसा आपण पांदणीतून.

रविवारी केरळच्या एका नर्सबाईंच्या क्वार्टरात दहाबारा जण भक्तीला जमतो. अजून चर्चचं देऊळ उभं राहिलेलं नाही.

ताई, मोठी बातमी. रशियाला शिकायला पाठवायला आमच्या गँगमधून एक फिटर निवडणार आहेत. परीक्षा झाली. लहानूनेही दिली. त्याचा इंग्रजी फॉर्म मीच भरून दिला. माझा पेपर चांगला गेलाय. बाबा म्हणायचे ना, वाहवत जगायचं नाही, ठरवून जगायचं. मी तसंच ठरवून जगतोय. बिडी नाही, पत्ते नाहीत, रोज वाचन. देव बघतोच आहे.

तुझा भाऊ,
शांतवन


पुलगाव, ता. १८ मार्च १९५८

प्रिय शांतू,

सलाम. तुझं पत्र शाळेतच हातात पडलं. मुलींना गणित घातलं आणि मागच्या बाकावर बसून दोनदा वाचलं.

रशिया! मी रविवारी पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी मंडळीसमोर तुझ्यासाठी प्रार्थना केली. दौलतराव मास्तर म्हणाले, "आपल्या प्रचारकाचा पोरगा समुद्रापार जाणार." बाबा असते तर किती डौलात चालले असते!

पण बाबांचं दुसरं बोलणंही विसरू नकोस. विहीर नासली की अख्खं गाव आजारी पडतं, म्हणून मनाची विहीर आधी राखा, असं ते प्रत्येक लग्नात सांगायचे. तू तरुण आहेस, लांब आहेस. सोबत कशी आहे ते बघून वाग. लहानू चांगला असेल, पण त्याची वाट वेगळी, आपली वेगळी.

शेवया पाठवते आहे. त्यालाही दे.

तुझी ताई,
एस्तेर


भिलाई, ता. १६ एप्रिल १९५८

प्रिय ताई,

यादी लागली. लहानूचं नाव आलं.

माझं नाव राखीव यादीत पहिलं आहे. म्हणजे तो काही कारणाने गेला नाही तर मी. तो न जाण्याचं कारण काय असणार? घोड्यासारखी तब्येत आहे.

मला आनंद आहे. त्याच्या पाठीवर थाप मारली, सुपेल्याच्या बाजारातून जिलबी आणून सगळ्या गँगला दिली. त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "तू फारम नसता भरून देला त मी कोठी होतो?" खरंच आहे. कुठे होता? ज्याला आपलं नावही इंग्रजीत लिहिता येत नाही, तो रशियन यंत्रांचे नकाशे कसा वाचणार? पण आमचा रशियन फोरमन त्याच्यावर खूश. लहानू काम करताना शीळ वाजवतो, ते त्याला आवडतं म्हणे. परीक्षा शिळेची होती का?

आणखी एक सांगतो, तुला म्हणूनच. भात करताना तो झाकणावर बोटांनी ठेका धरतो. आधी ऐकूही यायचं नाही. आता त्या आवाजाने माझं डोकं उठतं.

त्याची आई तुळसाबाई फार आजारी आहे, म्हणून परवा तो गावी गेला. मेडिकल तपासणीचं पत्र आलं की मी त्याला कळवायचं असं ठरलंय. खोली आता शांत आहे.

शांतवन


पुलगाव, ता. २२ एप्रिल १९५८

प्रिय शांतू,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझ्यासारख्या शिकलेल्या, नेमाने चालणाऱ्या मुलाला मागे ठेवून ज्याचा फॉर्मही तूच भरलास त्याला निवडावं! जगाचा न्याय असाच. तू मात्र मोठ्या मनाने जिलबी वाटलीस. हे मी मंडळीत सांगितलं. मार्थाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

निराश होऊ नकोस. राखीव यादीत पहिलं नाव उगाच येत नाही. कोण जाणे, देवाने तुझ्यासाठी दार किलकिलं ठेवलं असेल. त्याच्या आईचं आजारपण, त्याचं गावी अडकणं, यातही काही योजना असेल. आपण वाट पाहायची.

तुझी ताई


भिलाई, ता. ५ मे १९५८

ताई,

मी जातोय.

दोन तारखेला मेडिकल होतं. लहानू आलाच नाही. साहेबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग माझं नाव पुकारलं. डोळे, छाती, सगळं ठीक निघालं. जुलैत मुंबईला आणि तिथून पुढे.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. लहानूला कळवलं होतं, पण आईमुळे त्याला निघता आलं नसेल.

इथे ऊन फार वाढलंय. जेवण जात नाही. रविवारी भक्तीला गेलो नाही, पाळी बदलली होती. जास्त लिहीत नाही.

शांतवन


पुलगाव, ता. १२ मे १९५८

प्रिय शांतू,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. रविवारी मंडळीत उपकारस्तुती झाली. पाळकसाहेबांनी तुझं नाव घेतलं, बायकांनी मला मध्ये बसवलं. मी निळं पातळ नेसले होते. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, खोटं का बोलू?

आणि आज हे कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवून पाठवते.

"एस्तेरबाईले लहानूचा जयभीम. शेवयाच्या पुड्यावर तुमचा पत्ता होता, तो लिहून ठेवला होता. शांतूची तब्येत बरी हाय का? मी त्याले दोन कार्डं टाकले, जबाब नाई. माय तीस तारखेले गेली. मेडिकलचं पत्र आलं का, त्याले इचारून कळवा. तो लिहीत नाई म्हंजे नक्कीच बिमार असन. त्याले एकटं पानी गरम करून प्यायची आदत नाई. दिवस झाले की मी येतोच."

शांतू, तू लिहिलंस, त्याला कळवलं होतं. टपाल हरवतं, मला माहीत आहे. तसंच झालं असेल ना? एका ओळीत लिही, मी निश्चिंत होईन.

एस्तेर


भिलाई, ता. २० मे १९५८

ताई,

टपाल हरवलं नाही.

एकवीस एप्रिलला ऑफिसचा शिपाई नत्थू शेडीत आला. "तुमच्या रूमवाल्याचं हाय, पाठवून द्या," म्हणाला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी त्याला चहा पाजला. मग दार लावून पाकीट उजेडात धरलं. आतलं सगळं दिसत होतं. दोन मे, सकाळी नऊ.

त्या दिवशी मी ठरवलं, उद्या पाठवतो. दुसऱ्या दिवशी ठरवलं, रविवारी. रविवारी भक्तीत उभं राहून प्रार्थना मीच केली. चांगली झाली असं नर्सबाई म्हणाल्या. पाकीट माझ्या पेटीत होतं, बाबांच्या पवित्र शास्त्राखाली. का तिथेच ठेवलं, माहीत नाही. कदाचित तिथे ठेवलं म्हणजे चोरी वाटणार नाही असं वाटलं असेल.

मग तुझं पत्र आलं. दार किलकिलं आहे, यात देवाची योजना असेल, असं तू लिहिलं होतंस. ते वाचलं आणि पाठवायचं राहिलं ते राहिलंच. हे तुझ्यावर ढकलत नाही. मला कोणीतरी तेच म्हणायला हवं होतं, तू म्हणालीस.

ताई, हेवा कसा असतो ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हेवेखोर माणूस शिव्या देतो, भांडतो. मी तर शांत होतो. त्याचं अंथरूण नीट घडी करून ठेवलं. त्याच्या कार्डांवरचं वाकडंतिकडं अक्षर बघून बरं वाटायचं. मी बिडी ओढत नाही, पत्ते खेळत नाही, हे रोज स्वतःला सांगायचो. दाराशी एवढा पहारा लावून बसलो होतो, आणि चोर घरातच जेवत होता.

पंधरा तारखेला तो आला. डोकं भादरलेलं, निम्मा झालेला. त्याच्या जागी मी जातोय हे कळलं तेव्हा दारातच उभा होता. मग म्हणाला, "बरं झालं. घरातलाच गेला." पेटी उघडून त्याने एक घोंगडी काढली. "मायनं माह्यासाठी घेतली होती, तिकडं थंडी लय रायते म्हनून. आता तूच ने." माझ्या खाटेवर ठेवली.

मी ती अजून उलगडलेली नाही. पण दूरही ठेवता येत नाही, खाट एवढीशी आहे.

कोणालाच कळणार नाही. नत्थूला आठवतही नसेल. कागद तयार होत आहेत. सांग, मी काय करू?

शांतवन


पुलगाव, ता. २६ मे १९५८

शांतू,

तीन दिवस कागद घेऊन बसले. पहिल्या दिवशी काय वाटलं ते आधी सांगते. वाटलं, आता मंडळीत तोंड कसं दाखवू? लहानूचा विचारही आला नाही. तुझाही नाही.

मग आणखी खोल पाहिलं. आई गेली तेव्हा मी सोळाची होते. मिशनच्या मडमनी मला नर्सिंगला पाठवायचं ठरवलं होतं. बाबा म्हणाले, शांतूला कोण बघेल? मी राहिले. सगळे म्हणतात, एस्तेरने भावासाठी जन्म काढला. काढला. पण तू नागपूरला फिटरचं शिकायला निघालास त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून मी स्टेशनावर आले नाही. डोकं दुखत नव्हतं. तू गाडीत बसलेला मला बघवणार नव्हतं.

आणि ऐक. यादीत तुझं नाव नाही हे वाचलं तेव्हा एक क्षण, एकच, मला बरं वाटलं. आता हाही इथेच राहील, असं. त्याची लाज वाटली म्हणून लगेच तुझ्या बाजूने एवढं लिहिलं. जगाचा न्याय, देवाची योजना. माझ्याच मनातली घाण झाकायला मी देवाचं नाव पांघरलं, आणि ते पांघरूण तुझ्या उपयोगी पडलं. तू ढकलत नाहीस, पण माझा वाटा मी घेते.

आपले आजोबा आणि लहानूचे आजोबा एकाच विहिरीबाहेर ताटकळत उभे राहिलेले लोक. एकाने एक वाट धरली, दुसऱ्याच्या नातवाने दुसरी. आणि मी लिहिलं, त्याची वाट वेगळी. ते वाक्य तेवढं खोडून टाक.

काय करू, विचारतोस. तू रोज देवाची क्षमा मागत असशील. पुरे. देवाला आधीपासून ठाऊक आहे. लहानूला ठाऊक नाही. आधी त्याला सांग, मग साहेबाला. नोकरी गेली तर पुलगावला ये, आपण दोघं राहू. पण न सांगता रशियाहून मोठा होऊन आलास तर माझ्या दारात येऊ नकोस.

एस्तेर


भिलाई, ता. ९ जून १९५८

प्रिय ताई,

सांगितलं.

एक तारखेला रविवार होता. त्याला मरोद्याच्या तलावाच्या पाळीवर घेऊन गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पण आधी पाकीटच काढून हातात दिलं. त्याने पाकिटावरची तारीख वाचली.

"एकवीस एप्रिल. हे कोठी होतं?"

"माझ्या पेटीत."

"कोनं ठेवलं?"

"मी."

तो उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. चार पावलं गेला, परत आला.

"कावून रे?"

"मले तुझा हेवा वाटे," मी म्हणालो. "तू जाशील आन् मी राहीन, हे मले सहन होत नव्हतं."

"येवढंच?" तो म्हणाला. "मंग मले म्हनायचं होतं ना! मी हासलो असतो. मले का तुहा हेवा वाटत नव्हता? इंग्रजी कागद हाती घेतला का तू सायबासारखा दिसे. मी मायले सांगो, मले शांतूसारखं वाचता आलं पायजे. पन मी तुह्या पुस्तकाले काडी लावली का?"

 मी मूर्खासारखं बोलून गेलो, "निदान शेवटी तू मायजवळ तरी होतास."

ताई, तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "ते नको बोलू. मी तिच्याजवळ होतो ते माह्यं नशीब. तू ते माह्यासाठी नाई केलं. तिच्या मरनात आपला वाटा नको लावू."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. त्याला खोटं वाटू नये म्हणून बरोबर बोलावलं, तो केबिनबाहेर उभा राहिला. मी सगळं सांगितलं. साहेबांनी आधी मला वेड लागलंय का विचारलं, मग एवढे चिडले की टेबलावरची टोपी खाली पडली. लहानूचं मेडिकल पुन्हा घेतलं, तो पास झाला. माझं नाव दोन्ही याद्यांतून काढलं. नोकरी राहिली, पण दोन वर्षं बढती नाही, आणि कारण साहेबांनी गँगसमोर वाचून दाखवलं. कवडू म्हणून एक छत्तीसगढी मिस्त्री आहे, माझ्याशी रोज डबा वाटून खायचा. त्याने त्या दिवशी डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

लहानूने खोली सोडली. घोंगडी मी घडी करून त्याच्या सामानावर ठेवली. त्याने ती घेतली.

मला हलकं वाटतंय असं लिहिणार होतो. वाटत नाही. झोप मात्र लागते.

शांतवन


पुलगाव, ता. २० जून १९५८

प्रिय शांतू,

रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. म्हणाले, माझा भाऊ रशियाला जात नाही, कारण ती जागा दुसऱ्याची होती आणि ती त्याने परत दिली. एवढ्यावर थांबले असते तर टाळ्या पडल्या असत्या. म्हणून पुढचंही सांगितलं, त्याने काय केलं होतं आणि मी काय लिहिलं होतं ते. बाक करकरले तेवढेच. दौलतराव मास्तर माझ्याकडे न बघता घरी गेले. मार्थाबाई मात्र फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एस्तेर, माझ्या जावेला सून चांगली मिळाली तेव्हापासून मी तिच्या घरी पाणी प्यायले नाही." आणि रडल्या.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की भिलाईला येते. तुझी भट्टी मला बघायची आहे. या वेळी मनापासून.

तुझी ताई


भिलाई, ता. २२ फेब्रुवारी १९५९

प्रिय ताई,

दिवाळीत तू येऊन गेलीस त्यानंतर सविस्तर लिहिणं आजच होतंय. आमची पहिली भट्टी पेटली. पहिलं लोखंड ओघळून आलं तेव्हा आम्ही लांब उभे होतो, तरी चेहरे भाजत होते. शेजारी उभ्या अनोळखी पंजाब्याने मला मिठी मारली.

ज्या दिवशी लहानू दुर्गहून गाडीत बसला, त्या दिवशी मी स्टेशनावर गेलो होतो हे तुला सांगितलं नव्हतं. नळापाशी उभा राहिलो. त्याने मला पाहिलं. हात केला नाही. गाडी गेली. मी पायीच परत आलो. त्यानंतर सात महिने त्याच्याकडून काही नाही, आणि मला वाट पाहायचा हक्कही नाही असं मानून चाललो होतो.

परवा गँगच्या नावाने त्याचं पत्र आलं. मराठीत. आमच्यात मराठी वाचणारा आता मी एकटाच. कवडूने ते आणून माझ्यासमोर धरलं. "पढ़ दे," म्हणाला. जूननंतर तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गोल करून बसले. मी वाचत गेलो आणि हिंदीत सांगत गेलो. बर्फ केवढा, पाव किती काळा, म्हातारी मेसवाली त्याला नातवासारखी कशी रागावते. रशियन नकाशा तो आता स्वतः वाचतो. परत आल्यावर दुसऱ्या भट्टीवर त्याला फोरमनच्या हाताखाली घेणार आहेत. शेवटी एकेकाला नाव घेऊन नमस्कार होता. कवडूला, नत्थूलासुद्धा. बारा नावं. मी बाराही वाचली. माझं नव्हतं.

 मग कवडूने विचारलं, "तेरे लिए क्या लिखा है?"

"कुछ नहीं," मी म्हणालो.

त्याला वाटलं असावं, मी काही लपवतोय. कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग हळूच म्हणाला, "बुरा लगा?"

ताई, आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, नाही, मला आनंदच आहे. आणि चेहरा तसा करून आणखी सहा महिने आतल्या आत कुढलो असतो. नाव नाही याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त टोचलं ते दुसरंच होतं. तो नकाशे वाचतो. तो फोरमनच्या हाताखाली जाणार. वाचताना त्या ओळीवर माझा आवाज अडकला होता आणि मला वाटत होतं, कोणाच्या लक्षात आलं नसेल.

"नाम नहीं है, उसका बुरा लगा," मी म्हणालो. "पर वो फोरमनवाली बात पर जल गया मैं. अभी भी जल रहा हूँ."

 कवडू हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. त्याचं पाहून बाकीचे हसले. नत्थू म्हणाला, "मैं भी जल गया, साला बर्फ देख रहा है!" मग कोण कशावर जळलं ते प्रत्येक जण सांगू लागला. कोणी काळ्या पावावर, कोणी मेसवालीवर. मलाही हसू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

कवडूने डबा उघडला, अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खा ले, काम का भोंगा बजने वाला है."

तुझा,
शांतू